पहिल्या नोकरीचा अर्धा पगार

दरवर्षी मे-जून महिन्यांत आमच्या प्रयोगशाळेकडे एका विशिष्ट प्रकारची पत्रे येतात. पत्र लिहिणारा मुलगा किंवा मुलगी पर्यावरणशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली असते. गुण चांगले असतात. पत्रातले शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते : 'पगार नसला तरी चालेल, पण सहा महिने काम करू द्यावे.' कारण विचारले की कळते, कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो अनुभवाचा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

या पत्रांची आता आम्हांला सवय झाली आहे. पण मध्यंतरी एका मुलीने पत्राऐवजी समक्ष येऊन विचारले, 'सर, सहा महिने फुकट काम करणे मला परवडणार नाही. घरी आई शेतमजुरी करते. मग मी काय करायचे?' या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मात्र एक गोष्ट त्या दिवशी लख्ख दिसली. जी मुले 'पगार नसला तरी चालेल' असे लिहितात, त्यांचा पगार कुणीतरी देतच असते. तो त्यांचे आईवडील देत असतात. म्हणजे मालकाला मिळणारे हे एक अनुदानच झाले, फक्त ते सरकारी तिजोरीतून न येता घरातून येते. ज्या घरात ते देण्याची ताकद नाही, तिथल्या मुलीला दार बंद.

नवशिक्याच्या पहिल्या वर्षाचा खर्च हा असतोच. एक साधे उदाहरण घेऊ. सांडपाण्याची जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, मोजायची तर आपल्याकडच्या पद्धतीनुसार नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावा लागतो. नवख्या माणसाने नमुना पातळ करण्याचे प्रमाण चुकवले, तर चूक कळते ती तीन दिवसांनी. तोवर तो नमुना गेलेला असतो, नवा आणावा लागतो, अहवाल लांबतो. अशा दहा-वीस चुका झाल्यावर माणूस तयार होतो. या चुकांची किंमत कुणी मोजायची? मुलाच्या घरच्यांनी, मालकाने की सरकारने? 'वेतन-अनुदान' या कल्पनेचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत दिलेली उत्तरे आहेत. नव्या कामगाराच्या पगारातला काही भाग सरकारने मालकाला द्यायचा, ही ती कल्पना. पर्यावरणाच्या पदवीधरांसाठी ती कॅनडात राबवली गेली. तिथवर पोहोचण्याआधी आपण थोडे मागे जाऊ.

चार किलोची पावरोटी

१७९५ साली इंग्लंडमध्ये धान्य अतिशय महागले होते. त्या वर्षी ६ मे रोजी बार्कशायर परगण्यातील स्पीनहॅमलँड या गावी, पेलिकन नावाच्या खाणावळीत, स्थानिक न्यायाधीश जमले आणि त्यांनी एक कोष्टक ठरवले. ८ पौंड ११ औंस वजनाची, म्हणजे सुमारे चार किलोची, पावरोटी एक शिलिंगला मिळत असेल, तर मजुराला आठवड्याला स्वतःसाठी ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलासाठी दीड शिलिंग मिळायला हवेत. रोटी महागली की हा आकडा वाढायचा. मजुरी त्याहून कमी पडली तर उरलेली रक्कम स्थानिक पॅरिशने गरिबांसाठी गोळा केलेल्या करातून द्यायची.

यालाच लागून आणखी एक रीत काही भागांत होती. बेकार मजुरांना आळीपाळीने एकेका शेतकऱ्याकडे कामाला पाठवत; मजुरीचा काही भाग शेतकरी देई आणि बाकीचा पॅरिश. मालकाला मिळणारे वेतन-अनुदान ते हेच.

१८३२ साली नेमलेल्या राजकीय आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली. पॅरिश पैसे भरते म्हटल्यावर शेतकरी मजुरी खाली आणतात, आणि कष्टाळू मजुराला किंमत राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८३४ च्या कायद्याने गरिबांना मदत देण्याचे नियम अतिशय कठोर केले गेले.

इथे शिक्षकांना रस वाटेल असा एक मुद्दा आहे. १९६३ मध्ये मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने आयोगाच्या निष्कर्षांची पुन्हा तपासणी केली. जिथे अनुदान होते तिथे मजुरी कमी होती, हे निरीक्षण खरे. पण त्यावरून अनुदानामुळे मजुरी घटली असे म्हणता येत नाही. मजुरी आधीच तुटपुंजी होती म्हणून त्या भागात अनुदान द्यावे लागले, असेही असू शकते. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा धडा आपण विज्ञानाच्या तासाला देतो. तोच न पाळता एका देशाने गरिबांविषयीचा कायदा केला होता!

एक प्रयोग, आणि उलटे उत्तर

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत ही कल्पना पुन्हा वर आली. निकोलस कॅल्डॉर या हंगेरीत जन्मलेल्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये बेकारीवरचा उपाय म्हणून वेतन-अनुदानावर निबंध लिहिला. (हेच कॅल्डॉर पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून आले आणि १९५६ मध्ये त्यांनी आपल्या करपद्धतीवर अहवाल दिला.) नोकर ठेवणे स्वस्त झाले की मालक जास्त नोकर ठेवतील, हा यामागचा साधा तर्क.

तर्क साधा असला तरी त्यात तीन फटी आहेत. पहिली : मालक ज्याला तसेही घेणारच होता, त्याच्यासाठीही तो अनुदान घेईल. अशा वेळी सरकारचा पैसा गेला आणि नोकरी एकही वाढली नाही. दुसरी : जुन्या माणसाला काढून अनुदानातला नवा माणूस घेतला जाईल. तिसरी : अनुदान संपले की नोकरीही संपेल आणि त्याच खुर्चीवर नवा अनुदानित उमेदवार येऊन बसेल.

चौथी फट कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती दाखवली ती अमेरिकेतील एका प्रयोगाने. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने ठरावीक गटांतील लोकांना कामावर घेणाऱ्या मालकांना करसवलत सुरू केली. तिचा परिणाम तपासण्यासाठी १९८० च्या डिसेंबरपासून १९८१ च्या मे महिन्यापर्यंत ओहायो राज्यातील डेटन शहरात सरकारी मदतीवर जगणाऱ्या काही बेकारांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले गेले. पहिल्या गटाला असे पत्रक दिले की, या व्यक्तीला नोकरी दिल्यास मालकाला पहिल्या वर्षीच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत करसवलत मिळेल. दुसऱ्याच्या पत्रकात तेवढ्याच रोख रकमेची हमी होती. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही.

कोणत्या गटाला जास्त नोकऱ्या मिळाल्या असतील? आम्ही हा प्रश्न व्याख्यानांत विचारतो तेव्हा बहुतेक हात रोख रकमेच्या बाजूने वर होतात. प्रत्यक्षात पत्रक असलेल्यांपैकी १३ टक्के लोकांना नोकरी मिळाली, आणि काहीच हाती नसलेल्यांपैकी २०.८ टक्के लोकांना! गॅरी बर्टलेस यांनी १९८५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी लावलेला अर्थ असा की, 'मला घ्याल तर सरकार पैसे देईल' हे वाक्य मालकाच्या कानाला 'माझ्यात काहीतरी उणे आहे' असे ऐकू येत होते.

तुलनेसाठी तिसरा गट ठेवला नसता, तर 'तेरा टक्क्यांना नोकऱ्या मिळाल्या, योजना यशस्वी झाली' असा अहवाल खुशाल लिहिता आला असता. अशा अहवालांची आपल्याला चांगलीच ओळख आहे.

कॅनडा : आधी कायदा, मग माणसे

आता पर्यावरणाच्या पदवीधरांकडे वळू. कॅनडात १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९९२ मध्ये पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचा कायदा मंजूर झाला आणि तो १९९५ मध्ये अमलात आला. याचा परिणाम म्हणजे खाणी, कागद कारखाने, धरणे, नगरपालिका अशा सर्वांना पाणी तपासणारी, माती तपासणारी, अहवाल लिहिणारी माणसे लागू लागली. काम कायद्याने निर्माण झाले.

पण याच सुमारास मंदी होती आणि तरुणांची बेकारी वाढलेली होती. शिवाय पर्यावरणाचे काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्या पाच-दहा माणसांच्या. नवशिक्याच्या चुकांचा भार उचलण्याची ताकद मोठ्या कारखान्यात असते, पाच माणसांच्या सल्लागार कंपनीत नसते.

१९९२ मध्येच तिथे पर्यावरण क्षेत्रातील मनुष्यबळाचा विचार करणारी एक परिषद स्थापन झाली. पुढे ती 'इको कॅनडा' या नावाने ओळखली जाऊ लागली. या परिषदेचे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते काम अनुदान वाटण्याचे नव्हे. 'पर्यावरणाचे काम करणारा माणूस' म्हणजे नेमके काय, त्याला काय काय यायला हवे, याची तिने राष्ट्रीय पातळीवर मानके तयार केली आणि त्यांच्या आधारे व्यावसायिकांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभारली. वैद्य किंवा इंजिनिअर म्हटले की काय अपेक्षा ठेवायची हे मालकाला ठाऊक असते. पर्यावरणशास्त्राचा पदवीधर म्हटले की तो गोंधळतो. मानकांमुळे हा गोंधळ कमी होतो.

१९९७ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने तरुणांच्या रोजगारासाठी एक धोरण आणले. त्याखाली पर्यावरण खात्याने 'सायन्स होरायझन्स' नावाची योजना चालवली. तीस वर्षांपर्यंतचा विज्ञानाचा पदवीधर, त्याच्या विषयाशी जुळणारे काम आणि शिकवणारा अनुभवी माणूस अशी सांगड घातली तर पगाराचा काही भाग, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सरकार मालकाला देई. बाकीचा पगार मालकाचा. २०१९ मध्ये मूळ धोरणाची फेररचना झाली, पण पगारात वाटा उचलण्याचे तत्त्व राहिले.

डेटनच्या पत्रकाशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. डेटनमध्ये पत्रक उमेदवाराच्या हातात होते आणि ते त्याच्या गरिबीचा शिक्का ठरले. कॅनडातील अनुदान कामाला जोडलेले होते, आणि उमेदवार हा पदवीधर असल्याने त्याच्यावर शिक्का बसण्याचे कारण नव्हते. मालकालाही स्वतःचे पैसे घालावे लागत असल्यामुळे, केवळ फुकटचा हात मिळतो म्हणून कुणाला बसवून ठेवण्यात त्याचा फायदा नव्हता.

अनुदान संपल्यावर

सुशिक्षित मुलींच्या बाबतीत या कल्पनेची कसोशीने परीक्षा झाली ती जॉर्डनमध्ये. २०१० साली तेथील आठ सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलींपैकी काहींना, पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच, एक पत्रक दिले गेले. अशा मुलीला घेणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त सहा महिने दरमहा १५० दिनार मिळणार होते. तेथील त्या वेळचे किमान वेतन तेवढेच होते. म्हणजे मालकाच्या खिशाला जवळजवळ काहीच चाट नाही.

पत्रकाची मुदत चालू असताना नोकरी करणाऱ्या मुलींचे प्रमाण, पत्रक नसलेल्या मुलींपेक्षा ३८ टक्क्यांनी वर होते. मुदत संपल्यावर चार महिन्यांनी पाहिले तेव्हा फरक जवळपास उरला नव्हता. पुष्कळ मालकांनी मुदत संपताच मुलींना कमी केले होते.

याउलट दक्षिण आफ्रिकेत तरुणांवर केलेल्या अशाच एका प्रयोगात, पत्रक मिळालेल्यांची स्थिती एक-दोन वर्षांनंतरही इतरांपेक्षा चांगली दिसली. आणि गंमत म्हणजे फार थोड्या मालकांनी प्रत्यक्ष पैसे मागितले होते. तेव्हा अनुदान चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ते कोणत्या जमिनीत पेरले जाते, हे पाहावे लागते.

आमचा पिंड रसायनशास्त्राचा असल्याने आम्हांला इथे उत्प्रेरकाची आठवण होते. उत्प्रेरक प्रक्रियेची सुरुवातीची चढण कमी करतो. जे घडायला वेळ लागला असता ते लवकर घडते. पण समतोल कुठे असेल, हे तो बदलू शकत नाही. समतोलच विरुद्ध बाजूला असेल, तर कितीही उत्प्रेरक घाला, पदार्थ तयार होत नाही. वेतन-अनुदानाचे तसेच आहे. पर्यावरणाच्या माणसाची गरज मालकाला खरोखर असेल, तर अनुदानाने त्याची पहिली भीती जाते. गरज नसेल, तर अनुदान संपताच खुर्ची रिकामी होते. गरज निर्माण करणारा घटक वेगळा आहे : कायदा, आणि त्याची अंमलबजावणी.

आपल्याकडचा अर्धा पगार

आपल्याकडे अशी योजना नव्हती, असे समजायचे कारण नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. त्यांना एक वर्ष प्रशिक्षण द्यायचे आणि ठरवून दिलेल्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकारने मालकाला परत करायचा, अशी ती व्यवस्था. मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथील मंडळे ती पाहतात. म्हणजे कॅनडाच्या धोरणाच्या चोवीस वर्षे आधी 'पहिल्या नोकरीचा अर्धा पगार' आपल्या कायद्यात होता!

मात्र त्यात विज्ञानाचे साधे पदवीधर नव्हते. इंजिनिअरिंगशिवायच्या पदवीधरांसाठी कायद्याचे दार उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आणखी एक योजना आली, तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्राने उचलायचे ठरले. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, सरकारने द्यायचे होते. २०२५ मध्ये ही मुदत पाच महिन्यांनी वाढवण्यात आली. मुदत वाढवावी लागणे यातच जॉर्डनचा प्रश्न दडलेला आहे : मुदतीनंतर काय?

आता गरजेच्या बाजूने पाहू. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण रोखण्याचा कायदा केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९३ पासून कारखान्यांना दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते, आणि १९९४ मध्ये मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक झाले. यातील प्रत्येक तारखेमागे पर्यावरणशास्त्र शिकलेल्या मुलांसाठी काही नोकऱ्या उभ्या आहेत. जिथे विवरणपत्र खरोखर तपासले जाते, तिथे कारखानदार चांगला रसायनतज्ज्ञ शोधतो. जिथे ते फाइलला लावून ठेवले जाते, तिथे गेल्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भागते आणि माणूस लागतच नाही.

शिकणाऱ्यांचा पुरवठा मात्र आपण जोमाने वाढवला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर पर्यावरणशिक्षणाला चालना मिळाली. पुढे पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम सक्तीचा झाला. विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचे विभाग निघाले. कॅनडाने जी मधली पायरी बांधली, म्हणजे या माणसाला काय यायला हवे याचे मानक, त्याचे पहिले वर्ष, त्याला शिकवणारा अनुभवी माणूस आणि खर्चाची वाटणी, ती आपल्याकडे अरुंदच राहिली.

शिक्षकांच्या हातात काय आहे?

धोरणे ठरवणे शिक्षकाच्या हाती नसते. पण दोन गोष्टी नक्की असतात.

पहिली, मुलांना हा इतिहास सांगणे. पर्यावरणशास्त्र घ्यायचे का, असे विचारणाऱ्या मुलाला 'या क्षेत्राला भवितव्य आहे' एवढे सांगून भागत नाही. त्याला सांगावे की अनुदानाच्या जागेवर जाताना तीन गोष्टी विचार : तिथले काम कायद्याने लागणारे आहे का, शिकवणारे कुणी आहे का, आणि बाहेर पडताना तुझ्या हातात कौशल्याचा काय पुरावा असेल? तिन्ही उत्तरे 'नाही' असतील, तर ती जागा सहा महिन्यांची सावली आहे. ऊन पुढे आहेच.

दुसरी, डेटनचा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात मांडणे. आकडे आधी सांगू नयेत. तीन गट फळ्यावर लिहावेत आणि मुलांना अंदाज बांधायला लावावा. मग आकडे द्यावेत आणि 'तिसरा गट नसता तर?' असे विचारावे. तुलनेचा गट का लागतो, हे त्या तासाला जितके पटते तितके कुंडीतल्या रोपांच्या प्रयोगाने पटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

त्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. आमच्या एका प्रकल्पात थोडे पैसे शिल्लक होते. त्यातून तिला आठ महिने तुटपुंजे का होईना, विद्यावेतन देता आले. पहिल्या महिन्यात तिने बीओडीचे अकरा नमुने वाया घालवले. आठव्या महिन्यात ती नव्या मुलांना पातळीकरण शिकवत होती. आज ती एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात काम करते. पण प्रकल्पात पैसे शिल्लक असणे हा योगायोग होता. पुढच्या वर्षी ते नव्हते, आणि त्या वर्षी आलेल्या मुलाला आम्हांला 'नाही' म्हणावे लागले.